वाळवंटातील सायकलवाटा
(द्वितीय वर्ष, कला)

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंट उभा राहतो, सायकल उभी राहत नाही. आणि सायकल म्हटली की आपल्याला दूधवाला, पोस्टमन, शाळेत जाणारी मुले आठवतात. हौसेने कपडे, भांडी आणि तंबू कॅरिअरला बांधून चार-चार दिवस रखरखीत मुलखातून सायकल हाकणारी माणसे आठवत नाहीत. परंतु जगात अशी माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी मोटारींची वर्दळ मुद्दाम दूर ठेवलेले रस्तेही आहेत. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील युटा आणि ॲरिझोना या राज्यांतील राष्ट्रीय उद्याने ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे. भूगोलाचा अभ्यास करताना या प्रदेशाचे नकाशे पाहिले आणि मग त्याविषयी मिळेल ते वाचत गेले. मी तो प्रदेश पाहिलेला नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, तेव्हा अमेरिका तर दूरच राहिली. तरीही हा विषय मला परका वाटला नाही. तो का, हे लेखाच्या ओघात येईलच.

प्रथम हा मुलूख कसा आहे ते पाहू. ‘वाळवंट’ या शब्दाने आपल्या मनात वाळूच्या टेकड्या येतात, तसे हे वाळवंट नाही. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातील हे उंच पठार आहे. तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या वालुकाश्माचे थर एकावर एक रचलेले, आणि नद्यांनी लाखो वर्षे कापून काढलेल्या खोल दऱ्या. सह्याद्रीचे कडे ज्याने पाहिले आहेत त्याला उभ्या कड्याचे नवल वाटणार नाही. पण आपला दगड लाव्हारसाचा, काळा, आणि पावसाळ्यात हिरवाईने झाकला जाणारा. तिथला दगड वाळूचा, उघडा, आणि बारमाही कोरडा. युटा राज्यातील कॅन्यनलँड्स या उद्यानात वर्षाकाठी सरासरी सुमारे तेवीस सेंटिमीटर पाऊस पडतो. दुष्काळी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते त्या आमच्या माणदेशातही सरासरीने याच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा अडतीस अंश सेल्सिअसच्या वर जातो, हिवाळ्यात पाणी गोठते. म्हणून सायकलस्वार तिथे जातात ते वसंतात, म्हणजे मार्च ते मे, किंवा शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आता मुख्य प्रश्न असा, की रस्ता वर्दळमुक्त होतो कसा? रस्ता आहे तिथे मोटार येणारच, असे आपण गृहीत धरलेले असते. या उद्यानांत मात्र हे तीन वेगवेगळ्या मार्गांनी साधले आहे, आणि तिन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला मार्ग बसचा. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे युटामधील झायन राष्ट्रीय उद्यान. १९०९ साली हा भाग प्रथम संरक्षित झाला आणि १९१९ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. व्हर्जिन नावाच्या नदीने कोरलेली एक अरुंद दरी आणि तिच्या तळातून जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा रस्ता, हे या उद्यानाचे काळीज. १९९७ साली येथे चोवीस लाख लोक आले. दरी अरुंद, रस्ता एकच, आणि प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र मोटार. गाडी लावायला जागा मिळेना, लोक गवतावर आणि झाडांच्या मुळांवर गाड्या घालू लागले, दरीत धूर आणि गोंगाट साचू लागला. आपल्याकडे अशा वेळी एकच उपाय सुचतो: रस्ता रुंद करा, वाहनतळ वाढवा. झायनमध्ये ते केले नाही. २००० सालापासून दरीच्या रस्त्यावर मोफत बस सुरू केली, आणि वर्षाच्या ज्या मोठ्या काळात ही बस चालते त्या काळात खाजगी मोटारींना त्या रस्त्यावर मज्जाव केला. २०२१ साली प्रवाशांची संख्या पन्नास लाखांच्या पुढे गेली, म्हणजे दुपटीहून अधिक झाली, तरी तोच जुना रस्ता पुरला. २०२४ साली तर जुन्या बस काढून सर्व बस विजेवर चालणाऱ्या आणल्या.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला असेल तर सायकलवाल्याला. मोटारी गेल्या, रस्ता मोकळा झाला. दर काही मिनिटांनी एक बस येते एवढेच. तिच्यासाठीही नियम आहे. चालत्या सायकलला बसने ओलांडून पुढे जायचे नाही. मागून बस आली की सायकलस्वाराने कडेला थांबायचे, पाय टेकायचा आणि बसला वाट द्यायची. दोघांनी एकमेकांना सांभाळण्याची ही रीत मला फार आवडली. थकल्यास बसच्या पुढच्या बाजूस सायकल अडकवण्याची सोय आहे. याशिवाय नदीकाठाने पावणेतीन किलोमीटरची ‘पारुस’ नावाची एक फरसबंद वाट आहे. या उद्यानातील पायवाटांपैकी सायकलला परवानगी असलेली ही एकमेव वाट. ‘पारुस’ हा शब्द तेथील मूळ रहिवासी पायूट लोकांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ खळाळत, उसळत जाणारे पाणी असा आहे. कोरड्या मुलखातील लोकांनी पाण्याच्या आवाजासाठी खास शब्द घडवावा यात नवल नाही. आमच्याकडेही ओढ्याला पाणी आले की ते कोणी न सांगता कानाला कळते.

अर्थात झायनमध्ये सायकलला सर्वत्र मुभा आहे असे नाही. १९३० साली डोंगर फोडून केलेला सुमारे पावणेदोन किलोमीटरचा एक बोगदा तेथे आहे. त्यातून सायकलने वा पायी जाण्यास बंदी आहे. बोगदा अरुंद आणि अंधारा, त्यातून मोटारी जातात, म्हणून सायकलवाल्याने आपली सायकल कोणाच्या तरी गाडीत घालून पलीकडे न्यायची. जिथे मोटारींना रस्ता आहे तिथे सायकलला नाही आणि जिथे सायकलला आहे तिथे मोटारीला नाही, असा हा वाटणीचा हिशेब आहे.

याच पद्धतीचे दुसरे उदाहरण ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनचे. त्या महाप्रचंड दरीच्या दक्षिण काठाने ‘हर्मिट रोड’ हा अकरा किलोमीटरचा रस्ता जातो. १ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात त्यावर खाजगी मोटारी नाहीत. बस, पादचारी आणि सायकली एवढेच. एका बाजूला दीड किलोमीटर खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला झाडी. अशा रस्त्यावर मागून भोंगा वाजणार नाही एवढी खात्री असली तर माणूस दरीकडे पाहू शकतो. भोंगा वाजणार असेल तर तो फक्त आरशात आणि रस्त्याकडेच पाहणार.

दुसरा मार्ग परवान्याचा. याचे उदाहरण म्हणजे कॅन्यनलँड्स उद्यानातील ‘व्हाइट रिम’ हा रस्ता, आणि खऱ्या अर्थाने सायकल-मुशाफिरी म्हणावी ती येथे होते. हा रस्ता सुमारे एकशे साठ किलोमीटरचा असून तो एका उंच पठाराला खालून वळसा घालतो. पठाराच्या माथ्यापासून सुमारे साडेतीनशे मीटर खाली पांढऱ्या वालुकाश्माचा एक कट्टा आहे, त्या कट्ट्यावरून हा कच्चा रस्ता जातो. त्याच्याखाली पुन्हा दऱ्या, आणि त्यांच्या तळाशी कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्या. आपल्या डोंगरात माची आणि बालेकिल्ला असतो ना, तशी रचना. बालेकिल्ल्याच्या खाली माचीवरून गडाला पूर्ण फेरी मारायची, असे समजा. फक्त फेरी एकशे साठ किलोमीटरची.

या रस्त्याचा जन्म मात्र सहलीसाठी झालेला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेला अण्वस्त्रांसाठी युरेनियम हवे होते. त्याच्या शोधासाठी खाणवाल्यांना आत जाता यावे म्हणून अणुशक्ती आयोगाने हे रस्ते काढले. युरेनियम या भागात फारसे मिळाले नाही. पुढे १२ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने हे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि बाँबसाठी काढलेल्या रस्त्यावरून आज लोक सायकली चालवतात.

हा रस्ता पूर्णपणे वर्दळमुक्त आहे असे मी म्हणणार नाही. चारही चाकांना जोर असलेल्या जीपगाड्यांना येथे परवानगी आहे. परंतु मुक्काम करायचा असो वा एका दिवसात जाऊन यायचे असो, प्रत्येकाला परवाना घ्यावा लागतो, आणि परवाने मोजकेच निघतात. एकशे साठ किलोमीटरमध्ये मुक्कामाच्या जागा जेमतेम वीस. त्यामुळे गर्दी होऊच शकत नाही. सायकलने ही फेरी करायला साधारण तीन ते चार दिवस लागतात. तासन् तास कोणी भेटत नाही. मार्गात शेफरची वळणे, मर्फीचा उंचवटा, हार्डस्क्रॅबलची चढण असे कसाला लावणारे टप्पे आहेत. बऱ्याच ठिकाणी सायकल हातात धरून ढकलावी लागते. सखल भागात वाळूचा फुफाटा असतो. तिथे चाक रुतू नये म्हणून रुंद टायर वापरतात आणि त्यातील हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे टायर पसरून वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. पेरणीनंतर शेताच्या बांधावरून ज्याने सायकल ओढली आहे त्याला हे तत्त्व निराळे सांगायला नको.

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. व्हाइट रिमवर पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही. नद्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी खोल दरीत, आणि त्यांचे पाणी गाळाने भरलेले. दर माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी जवळ असावे, असा उद्यानाचा दंडक आहे. हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळण्याआधीच तो वाळून जातो, आणि अंगातील पाणी गेले हे तहानेला उशिरा समजते. चार दिवसांचे पाणी म्हणजे सोळा लिटर, म्हणजे सोळा किलो वजन. आमच्या आया-बहिणी डोक्यावरून आणतात तो भरला हंडा साधारण एवढाच असतो. तो हंडा, शिवाय तंबू, शिधा आणि पांघरूण सायकलला बांधून चढण चढणे बहुतेकांना शक्य नसते. म्हणून सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर प्रायः एक जीप असते, आणि तिच्यात पाणी असते. मोटारीपासून पळालेल्या माणसाला वाळवंटात शेवटी मोटारीचाच आधार घ्यावा लागतो, ही गंमत आहे. पण ती लपवण्यात अर्थ नाही.

दुसरे संकट पाण्याचेच, पण उलट बाजूचे. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. दूर कुठे तरी वळीव कोसळतो आणि स्वच्छ उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर अरुंद घळीतून लोंढा येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या एका घळीत उतरलेले सात जण अशाच लोंढ्यात मृत्युमुखी पडले. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करायचा नाही, हा तेथील पहिला धडा.

तिसरे संकट ऐकून वाचकांना हसू येईल. ते म्हणजे सराटे! होय, आपल्या बांधावरचे, अनवाणी पायात घुसणारे सराटे, ज्यांना वैद्य लोक गोखरू म्हणतात. ही वनस्पती मूळची जुन्या जगातील, म्हणजे आपल्या बाजूची. ती अमेरिकेत जाऊन पसरली आणि तिने सायकलच्या ट्यूबांची अशी दैना केली की इंग्रजीत तिचे नावच ‘पंक्चरची वेल’ असे पडले. तिचा नाश करण्यासाठी १९६१ साली तेथे तिचे बी खाणारे सोंडकिडे मुद्दाम सोडण्यात आले. आमच्या वाडीतील पंक्चरवाल्या काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग पोरी, धंदा तिकडं पण चाललाच असता की माझा!”

वर्दळमुक्तीचा तिसरा मार्ग कायद्याचा, आणि इथे सायकलवाल्याचीही कसोटी लागते. ३ सप्टेंबर १९६४ रोजी, म्हणजे कॅन्यनलँड्स उद्यान होण्याच्या नऊच दिवस आधी, अमेरिकेत ‘वन्यप्रदेश कायदा’ झाला. या कायद्याने ज्या प्रदेशाला वन्य ठरवले तिथे मोटारी तर नाहीतच, पण कोणतेही यांत्रिक वाहन चालत नाही, आणि यांत्रिक वाहनात सायकलही धरली जाते. झायन उद्यानाच्या सुमारे चौऱ्याऐंशी टक्के भागाला २००९ साली हा दर्जा मिळाला. म्हणजे तेथे फक्त पायी किंवा घोड्यावरून जायचे. सायकल धूर सोडत नाही, आवाज करत नाही, मग तिला बंदी का, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे एक उत्तर तेथील मातीत सापडले.

या वाळवंटाच्या मातीवर एक काळपट, खडबडीत खपली असते. ती निर्जीव वाटते, पण ती जिवंत असते. नीलहरित जीवाणू, शेवाळे आणि दगडफूल यांची ती बनलेली असते. जीवाणूंचे चिकट धागे वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, पावसाचे पाणी धरतात, हवेतील नायट्रोजन मातीला देतात. ही खपली आहे म्हणून तिथे झुडूप उगवते, आणि वाऱ्याने माती उडून जात नाही. एका पावलाने ती मोडते आणि पूर्ववत व्हायला काही दशके लागू शकतात. पावलाचा ठसा निदान तुटक असतो. सायकलच्या चाकाची रेघ मात्र सलग असते. त्या चाकोरीतून पाऊस धावतो आणि घळ पडते. म्हणून या उद्यानांत सायकल ठरवलेल्या रस्त्यावरच चालवायची, एक हातही बाहेर न्यायची नाही. मोटारीला बाहेर ठेवून सायकलवाल्याने ‘आता सारे रान माझे’ असे म्हणायचे नाही, असा याचा अर्थ.

कोणी म्हणेल, ही गोऱ्या, सुखवस्तू लोकांची चैन आहे. काही अंशी ते खरे आहे. भारी सायकल, जीप, परवाना, चार दिवसांची रजा हे सर्वांना परवडत नाही. परंतु वाळवंटातून सायकल हाकण्याचा मान काही त्यांचा एकट्याचा नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी करून मार्च १९२८ मध्ये मुंबई गाठली. वाटेत त्यांनी इराण, मेसोपोटेमिया आणि सिनाई येथील वाळवंटे तुडवली. त्या काळी तेथे ना परवाना होता ना बस. रस्ते वर्दळमुक्त होते, कारण वर्दळच नव्हती.

आता हा विषय मला परका का वाटला नाही ते सांगते. मला आठवीत शासनाच्या योजनेतून सायकल मिळाली. आमच्या वाडीतील मुलींना शाळा जमली ती त्या सायकलींमुळे. त्या वेळी गावचा रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा होता, पण आम्ही चौघी शेजारी-शेजारी गप्पा मारत जात होतो. पुढे तो रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. ट्रक, डंपर आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्यावरून सुसाट जाऊ लागल्या. सायकलसाठी त्यात एक हात पट्टीही कोणी राखली नाही. बसच्या वेळा तासांशी जुळत नाहीत. बारावीनंतर आमच्यापैकी दोघींच्या घरून सांगण्यात आले, “त्या रस्त्यानं रोज पाठवायला जीव धजत नाही.” त्या दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या. आज त्या कॉलेजात नाहीत. रस्ता सुधारला आणि त्यांची वाट बंद झाली. कोणत्याही अहवालात याची नोंद होणार नाही, म्हणून ती मी येथे करते आहे.

झायनविषयी वाचताना मला हेच सारखे आठवत होते. तिथे रस्ता रुंद न करता, त्यावर कोणी यावे हे ठरवून प्रश्न सोडवला. सार्वजनिक बस आणि सायकल यांना एका बाजूला घेतले आणि खाजगी मोटारीला थोडा वेळ बाहेर थांबवले. आपल्याकडे राजमार्गावरचे ट्रक बंद करता येणार नाहीत, हे मला कळते. शेतमाल आणि ऊस त्यावरूनच जायचा आहे, आणि तो आमच्याच घरचा आहे. परंतु रस्ता आखताना कडेला सायकलची पट्टी ठेवणे, शाळा सुटण्याच्या वेळी अवजड वाहने अर्धा तास थांबवणे, कॉलेजच्या वेळेला एक बस देणे, यांपैकी काहीही अमेरिकेतून आणावे लागणार नाही. दहा किलोमीटरची दरी सांभाळायला त्यांनी पन्नास लाख प्रवाशांना शिस्त लावली. आपल्याला चार गावांच्या मुली सांभाळायच्या आहेत.

आरंभ आपल्याच आवारापासून करता येईल. कॉलेजच्या फाटकापासून मुख्य इमारतीपर्यंतचा रस्ता सकाळी तास भरण्याच्या वेळी मोटारसायकलींना बंद ठेवावा आणि गाड्या फाटकाशीच लावाव्यात, असे मी या लेखाच्या निमित्ताने प्राचार्य आणि विद्यार्थी-प्रतिनिधींना सुचवते. अंतर दोनशे पावलांचे आहे. कोणाचे फारसे बिघडणार नाही, आणि सायकलवरून येणाऱ्या मुलीला निदान तेवढ्या दोनशे पावलांत मागे वळून पाहावे लागणार नाही.